उतारा सोडून बाकी सगळं वाचा

बीजिंगात राहणाऱ्या समस्त मराठी मंडळींनो, आज ना उद्या तुमच्या दारावर टकटक होणारच आहे. शेजारीण असेल, ऑफिसातलं कोणी असेल, नाहीतर पोराच्या वर्गमित्राची आई असेल. हातात फळांची पिशवी, चेहऱ्यावर संकोच, आणि म्हणणार, "लाओशी (म्हणजे बाई, टीचर), तुम्ही इंडियाच्या, तुमचं इंग्लिश चांगलं, मला डिग्रीच्या परीक्षेचं रीडिंग जरा करून द्याल का?" नाही म्हणवत नाही हो. पण गेल्या रविवारी मी ही समाजसेवा करून चांगलीच पोळलेय, तेव्हा अनुभवाचे बोल फुकटात देते. क्लासवाले याचेच पैसे घेतात.

नवीन आलेल्यांसाठी एवढंच की इथे ग्रॅज्युएट झाल्याचं सर्टिफिकेट वेगळं आणि डिग्रीचं वेगळं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला पहिलं मिळून जातं, दुसरं पाहिजे असेल तर बहुतेक ठिकाणी मधे इंग्लिशची परीक्षा आडवी येते. आणि दुसऱ्याशिवाय भागत नाही, प्रमोशन म्हणू नका, सरकारी नोकरी म्हणू नका, बीजिंगच्या हुकोउसाठी, म्हणजे इथल्या कायमच्या रहिवासी नोंदणीसाठी, जे पॉइंट मोजतात त्यात बॅचलर डिग्रीचे 15 पॉइंट असतात, ते कोण सोडेल? बीजिंगच्या जुन्या पेपरांत तीन उतारे, त्यावर 15 प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क. शंभरातले 30 तिथेच, आणि पास व्हायला लागायचे 60. असो.

तर पहिला नियम, उतारा वाचायचा नाही. मी बिचारी चष्मा लावून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं तर आमची शेजारीण घाबरलीच, म्हणाली, नको नको, वेळ जातो, आधी प्रश्न बघायचे, मग पर्याय बघायचे, मग प्रत्येक पॅराचं पहिलं वाक्य, बास. मधलं सगळं जागा भरायला छापलेलं असतं असा क्लासचा सिद्धांत आहे. आपण काय साधुसंत नाही, अपेक्षित प्रश्नसंच पाठ करूनच मोठे झालोय, पण आपल्याकडे निदान उत्तराची ओळ जशीच्या तशी उतरवायला तरी उतारा उघडायचे!

दुसरा नियम पट्टी घेऊन. इथे पोराटोरांपासून सगळ्यांना पाठ असलेला एक मंत्र आहे, त्याचा भावार्थ असा: तीन लांब एक आखूड तर आखूड धरा, तीन आखूड एक लांब तर लांब धरा, दोन लांब दोन आखूड तर बी, आणि सगळेच वेडेवाकडे असतील तर सी ला तोड नाही. शेजारणीने हा एका दमात म्हणून दाखवला. उतारा मधमाश्यांवर असो की अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांवर, मंत्र तोच.

तिसरा, ठाम बोलणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. पर्यायात ऑलवेज, नेव्हर, ओन्ली असं काही दिसलं की काट मारा, आणि मे, सम, युज्वली असं बिचकत बोलणारं दिसलं की डोळे मिटून टिक करा. म्हणजे सूर्य नेहमी पूर्वेला उगवतो हे चूक आणि काही वेळा पूर्वेला उगवण्याची शक्यता असते हे बरोबर.

हाउएव्हर दिसलं की गोल करा. का ते विचारू नका.

शब्द पाठ करायचे ते मेट्रोच्या 10 नंबर लाईनवर, संध्याकाळी सहा वाजता, एका पायावर उभं राहून.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम: उत्तरसूची म्हणजे ब्रह्मवाक्य. तिच्यापुढे उतारा खोटा, डिक्शनरी खोटी, तुमचे डोळे खोटे. झालं असं की क्लासच्या सरावपुस्तकात एक उतारा होता रात्रपाळीवाल्यांच्या झोपेवर. आता ही शेजारीण कोण, तर नर्स. डिप्लोमा करून हॉस्पिटलात लागली, गेली कित्येक वर्षं रात्रपाळ्या करतेय, पोरगं शाळेत, आणि आता डिग्रीच्या मागे. प्रश्न होता, रात्री काम करणाऱ्यांना दिवसा नीट झोप का लागत नाही? दुसऱ्या पॅरात सरळ लिहिलंय की बाहेरचा आवाज आणि उजेड. पर्याय बी मध्ये तेच, जरा शब्द फिरवून. तिने सेकंदात बी केलं आणि हसत म्हणाली, हे तर मला वाचायची पण गरज नाही, मी सकाळी घरी येते, जाड पडदे ओढते आणि वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू होतं. मी म्हटलं शाब्बास! मग तिने मागचं पान उघडलं. उत्तर डी. डी काय, तर घरच्यांची काळजी वाटते म्हणून. अख्ख्या उताऱ्यात घरच्यांचा उल्लेख नाही हो! एकदा नाही! स्पष्टीकरणात काय लिहिलंय, तर "उताऱ्याचा एकंदर आशय पाहता डी." कुठला आशय? कोणी पाहिला? मी म्हटलं अगं छपाईची चूक आहे, तर ती म्हणे असं कसं होईल, पुस्तक क्लासचं आहे, आणि माझ्यासमोर रबर काढून बी खोडलं आणि डी लिहिलं. स्वतःच्या झोपेबद्दलचं उत्तर खोडलं बाईने.

मीच आगाऊपणा करून म्हटलं, क्लासच्या वीचॅट ग्रुपमध्ये विचार तरी. तिने पानाचा फोटो टाकला, अगदी अदबीने लिहिलं की शेजारच्या इंडियन ताईंचं म्हणणं आहे बी असावं. बराच वेळ कोणी काही बोलेना. दोघातिघांनी मान हलवणारे इमोजी टाकले. मग सरांचा मेसेज आला, इंडियन लोकांच्या इंग्लिशवर जाऊ नका, परीक्षेचं इंग्लिश वेगळं असतं, आणि असा विचार करत बसलात तर नापास व्हाल. तिने खाली पुन्हा विचारलं की मग दुसऱ्या पॅरातल्या ओळीचं काय, आणि तिला ग्रुपमधून काढून टाकलं. फी भरलेली, रेकॉर्डेड लेक्चरच्या लिंक ग्रुपमध्येच, सगळं गेलं. वर ती माझीच माफी मागत होती, तुम्हाला वाईट वाटलं असेल म्हणून.

म्हणजे शेवटचा नियम लक्षात आला ना, प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न फक्त पेपरात असतात.

नाही, आता पुरे, मला हे गोडगोड लिहिणं जमत नाहीये. अरे क्लासवाल्यांनो, लाज वाटते का काही? याच देशात 1979 मध्ये रेडिओ-टीव्हीवरून विद्यापीठ सुरू केलं होतं, कामावरून आलेली माणसं टीव्हीसमोर वही घेऊन बसायची. 1981 पासून स्वतःच्या स्वतः अभ्यास करून डिग्री मिळवायची परीक्षा आहे, ना वर्ग ना मास्तर, पुस्तक घ्या आणि वाचा. त्या माणसांना वाचायला कोणी बंदी केली नव्हती. आणि तुम्ही रात्रभर पेशंटना सलाईन लावून आलेल्या बाईला पैसे घेऊन शिकवता काय, तर वाचू नकोस, पट्टीने मोज? तिला वाचता येतं! तो उतारा तिला कळला होता, सावकाश, ओळीवर बोट फिरवत, पण कळला होता, आणि तुम्ही तिला पटवून दिलंत की कळणं हीच चूक आहे. वर प्रत्येक जाहिरातीत शंभर टक्के पास, नापास झालात तर पुढची बॅच फुकट. पुढच्या बॅचला तरी काय देणार, तेच पुस्तक, तोच डी.

आणि ज्या विद्यापीठांना या नर्सला बॅचलर म्हणायच्या आधी तिचं इंग्लिश तपासायचंय त्यांनी एकदा येऊन बघा तपासलं काय जातंय ते. वॉर्डात तिला औषधाच्या बाटलीवरचं इंग्लिश लागतं, त्याचा एक उतारा नाही कुठे.

तिची फी परत करा आधी, पूर्ण. आणि ते पुस्तक पुढच्या लोकांच्या गळ्यात मारण्याआधी ज्याला इंग्लिश वाचता येतं अशा कोणालातरी एकदा वाचायला द्या. इंडियन चालेल.