पॅकिंगला सोल्युशन लावायचं का?

बुलेटचं इंजिन खोलणं सोपं. ते बंद करताना पॅकिंगला, म्हणजे दोन भागांच्या सांध्यात बसणाऱ्या कागदाला, तेल गळू नये म्हणून सोल्युशन, म्हणजे चिकट लेप, लावायचं की नाही, हे ठरवण्यात माणूस म्हातारा होतो. कारण या विषयावर मत नसलेला इसम कोल्हापुरात अजून जन्माला यायचाय.

माझी गाडी जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची. उद्यमनगरातले थोरले मिस्त्री म्हणाले, "कोरडं टाका साहेब. कागदी पॅकिंग असताना वर आणि कशाला लिंपायचं?" दोन गाळे सोडून त्यांचाच चेला बसतो. तो म्हणाला, "दोन्ही अंगानं लावा, न्हाईतर रोज गाडीखाली पुठ्ठा सरकवा." शेजारचे काका आयुष्यभर लूनाच्या पुढे गेले नाहीत. तेही कुंपणावरून म्हणाले, "पातळ ग्रीस लाव रे. पुढच्या वेळी कागद अख्खा निघतो."

टायमिंग कव्हर, म्हणजे इंजिनाच्या बाजूचं झाकण, खरवडायला घेतलं, तर ते जुन्या सोल्युशनांचं उत्खननच निघालं. वर काळं सिलिकॉन, त्याखाली राखाडी, तळाशी तपकिरी शेलॅक. प्रत्येक मालकाने आधीच्याच्या गळतीवर आपला थर चढवलेला! सिलिकॉन दाबलं की जितकं बाहेर येतं तितकंच आतही. बाहेरचं आपण बोटाने पुसतो. आतलं पुसायला कोण जाणार? या इंजिनात बिग एंडकडे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या टोकाकडे, जाणारी तेलाची बारीक वाट याच कव्हरातून आहे. तिथे एक तुकडा अडकला की बसा बोंबलत.

मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून कव्हर गोल गोल घासलं. स्क्रूच्या भोकांभोवतीच तेवढं चकाकलं, मधला भाग काळाच. स्क्रू जीव खाऊन आवळल्याने तिथला धातू वर आला होता आणि इतकी वर्षं शिव्या बिचाऱ्या पॅकिंगला! सगळीकडे सारखी चकाकी येईपर्यंत खांदे भरून आले. क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, दोन अर्ध्यांमध्ये पॅकिंगच नसतं, तिथे सोल्युशनचा पातळ हात हवाच. कव्हरच्या कागदाला मात्र ग्रीसचं नुसतं बोट फिरवलं.

आता पुठ्ठा कोरडा. थोरल्या मिस्त्रींना सांगितलं, "कोरडंच टाकलं." चेल्याला, "दोन्ही अंगानं लावलं." दोघेही वाकून पुठ्ठा बघून, मान डोलवून गेले. काकांना तेवढं खरं सांगितलं. ते म्हणाले, "जा रे, थापा मारू नकोस. माझं कधी कोणी ऐकलंय?"