सॉफ्ट टॉप गाडीची मागची खिडकी वर बांधून गावाला निघू नका

गणपती जवळ आले की मुंबईतल्या सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी छताच्या थार, जिप्सी, जीपवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज हमखास फिरतो. गावाला निघताना सामान कसं भरायचं, याच्या सूचना त्यात असतात. मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची चेन अर्धीच उघडा, प्लास्टिक आत दाबा आणि सामान सरकवा. मावलं नाही तर खिडकी गुंडाळून वर बांधा आणि तशीच गाडी चालवा, हवा खेळती राहते. सामान खिडकीला टेकलं तरी बिघडत नाही, प्लास्टिक ताणतं. धूसर झालीच तर टूथपेस्ट नाहीतर रॉकेल लावा. यातली एकही सूचना पाळण्यासारखी नाही, आणि खिडकी बांधून गाडी चालवायची सूचना तर जिवावर बेतू शकते. म्हणून आधी तिच्याबद्दल.

मागची बाजू उघडी म्हणजे हवा बाहेर जाणार, असं आपल्याला वाटतं. होतं उलटं. धावती गाडी समोरची हवा कापत जाते, तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथली हवा भोवरे घेत गाडीकडेच ओढली जाते. पावसाळ्यात कुठल्याही एसटीची मागची काच बघा, चिखलाचा थर बसलेला दिसेल. बहुतेक गाड्यांच्या सायलेन्सरचं तोंडही मागेच, बंपरखाली असतं. पुढच्या काचा बंद, एसी चालू आणि मागची खिडकी वर बांधलेली असली की तो धूर सरळ आत येतो.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २००हून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. आणि सामानाच्या बेचक्यात, सगळ्यात मागे आपण बसवतो कोणाला? पोरांना. पोराला उलटी झाली की घाटात गाडी लागली म्हणायचं, आवळा सुपारी द्यायची आणि पुढे निघायचं, ही आपली रीत. पण मागची खिडकी उघडी असेल तर आधी धुराचा संशय घ्या.

‘आमची डिझेल आहे, आम्हाला काही होत नाही’ असंही ऐकू येतं. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो, हे खरं. पण नायट्रोजनची ऑक्साइड्स आणि बारीक काजळी त्यात असतेच. शिवाय पनवेलच्या पुढे रांगेत अडकलात की मागच्या ट्रकचा धूर आहेच, आणि कोस्टल रोडच्या किंवा कशेडीच्या बोगद्यात धुराला पांगायला मोकळं आकाशही नसतं.

वाटेत चेन तुटली आणि खरोखरच इलाज उरला नाही, तर पुढच्या दोन्ही काचा पूर्ण खाली करा. ब्लोअर जोरात लावा आणि तो बाहेरची हवा घेईल असा ठेवा. तेही जवळच्या गॅरेजपर्यंतच. कोणाचं डोकं दुखायला लागलं तर गाडी बाजूला घेऊन सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा.

आता अर्ध्या चेनचं. चेन जिथे थांबते तिथे, रनरखालच्या चार दातांवर, लोंबत्या प्लास्टिकचा सगळा भार येतो. त्यात आपण पेटी आत रेटतो, दात फाकतात आणि ताण शिवणीवर जातो. शिवणीचा प्रत्येक टाका म्हणजे प्लास्टिकला पडलेलं एक भोक, त्यामुळे एकदा फाटायला लागलं की ते पोस्टाच्या तिकिटासारखं भोकाभोकांनी फाटत जातं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर रनर बदलून मिळेल, पण शिवणीवर फाटलेलं प्लास्टिक पुन्हा शिवलं तर आणखी भोकं पडतात आणि ते पुन्हा तिथेच जातं.

चेन उघडायची तर दोन्ही बाजूंनी पूर्ण उघडा, आणि उघडताना दुसऱ्या कोणीतरी खालची कड हातावर तोलून धरायला हवी. गुंडाळण्यापूर्वी पाण्याने धूळ उतरवा आणि टिपून कोरडं करा. ओली खिडकी गुंडाळून ठेवली की प्लास्टिक पांढुरकं पडतं. मधे जुनी सुती चादर घालून सैल वळकटी करा, घडी घालू नका. उन्हात तापलेल्या प्लास्टिकवर पडलेली घडी जात नाही, आणि लोणावळ्याच्या थंडीत कडक झालेलं प्लास्टिक घडीवरच तडकतं. सामान भरून झालं की खिडकी खाली सोडा, कोपऱ्याशी कापडाच्या दोन्ही कडा हाताने जवळ आणा आणि मग रनर चढवा. रनर जड लागला तर खोबरेल ओतू नका, त्यावर धूळ बसते. मेणबत्ती घासा.

प्लास्टिक ताणतं हे खरं, पण तापल्यावर ताणलेलं पूर्वीसारखं होत नाही. थर्माकोलच्या मखरांवर २०१८पासून बंदी आली आणि प्लायची मखरं वाढली. प्लायची कड रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात खिडकीवर घासते. जड सामान तळाला, सीटच्या पाठीला टेकवून, पट्ट्याने बांधा आणि खिडकीपासून वीतभर जागा सोडा. आतल्या आरशातून मागचा रस्ता दिसायला हवा.

टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते, मऊ प्लास्टिकवर तिचे ओरखडे उठतात. रॉकेल प्लास्टिकला लवचीक ठेवणारं द्रव्यच ओढून घेतं, मग ते कडक होऊन तडकतं. साधा सौम्य साबण आणि भरपूर पाणी पुरे. काचेचा अमोनियावाला स्प्रेही नको.

आणि प्लाय किंवा बांबू गाडीत मावतच नसतील तर ते मागून बाहेर काढून नेऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर आलेल्या सामानाला २०,००० रुपये दंड आहे. दादरच्या बाजारातून घरापर्यंत छोटा हत्ती टेम्पो करा, त्याहून कितीतरी स्वस्त पडेल.