ढकलस्टार्ट

पाठीवर अजून तो तळहात आहे. आंघोळी झाल्या, दोन रात्री झोप झाली, टीशर्ट धुऊन हॉटेलच्या खिडकीत वाळतही घातला; तरी दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जरासं डावीकडे, एक अनोळखी म्हातारा मला ढकलतोच आहे.

आधीचं भराभर सांगतो. स्पेनमधला रिओहा, वाइनचा मुलूख. आठ दिवस सायकल चालवायची, सामान पुढच्या मुक्कामाला गाडीने जाणार. भाड्याने सायकल देणाऱ्याने विचारलं, इलेक्ट्रिक की साधी? बायकोने प्रश्न संपायच्या आत इलेक्ट्रिक घेतली. मी म्हणालो, ‘साधी. आम्ही नाशिकची माणसं, कसारा घाट चढलेलो आहोत.’ ते खोटं नव्हतं. फक्त तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि आता एक्कावन्नचा आहे, एवढं त्याने विचारलं नाही म्हणून मीही बोललो नाही.

माहितीपत्रकात ‘शांत रस्ते’ असं तीनदा छापलं होतं. रस्ते खरोखरच शांत आहेत. पण शांत रस्त्यावर स्वतःच्या धापा ऐकू येतात, हे छापलं नव्हतं. आपल्याकडे सायकलवर कितीही धापा टाका, मागच्या डंपरच्या हॉर्नमध्ये विरून जातात. शिवाय थांबायला निमित्तं मुबलक. खड्डा आला, गाय आडवी बसली, ओळखीचं कुणी भेटलं. इथे काहीच नाही. गुळगुळीत डांबर, दोन्हीकडे द्राक्षं, वर निळं आभाळ, आणि त्या सगळ्या शांततेत भात्यासारखा एकच आवाज, तो माझा. दहा मिनिटांनी एखादी मोटार येते. सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं, असा इथला कायदा आहे आणि कहर म्हणजे लोक तो पाळतात. वळणावर जागा नसेल तर मोटार मुकाट मागे सरपटत राहते. हॉर्न नाही, शिवी नाही. शेवटी मलाच लाज वाटून मी कडेला उतरतो. शिवी घातली असती तर निदान रागाच्या भरात चढ तरी चढलो असतो.

तर एल्सिएगो ते लाग्वार्दिया. एल्सिएगोत वास्तुकार फ्रँक गेरीने बांधलेलं ते 2006 सालचं हॉटेल आहे, गुलाबी-सोनेरी टायटॅनियम आणि चंदेरी पोलादाच्या पट्ट्यांचं. आहेराच्या रिबिनी वाऱ्याने उडून द्राक्षबागेत अडकाव्यात तसं दिसतं. त्याचे फोटो काढायच्या निमित्ताने मी वीस मिनिटं दम खाल्ला. पुढे जेमतेम सहा-सात किलोमीटर, पण लाग्वार्दिया बसलंय टेकडीच्या माथ्यावर. 1164 साली नावाराच्या राजाने सनद दिलेलं, तटबंदीचं गाव. शत्रूला चढताना दम लागावा म्हणूनच ते वर बांधलं असणार. आठशे साठ वर्षांनीही ती योजना चोख चालते आहे.

बायको वळणापलीकडे दिसेनाशी झाली होती. मी सगळ्यात हलक्या गिअरवर, चालणाऱ्याला लाजवेल इतक्या सावकाश. एवढ्यात मागून आवाज आला, ‘वेंगा, वेंगा!’ म्हणजे चल, चल.

इलेक्ट्रिक सायकलवर एक आजोबा. ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे. चपटी टोपी, इस्त्रीचा शर्ट, पायात घरात घालायच्या सपाता. हँडलला पिशवी आणि तिच्यातून हातभर लांब पाव बाहेर आलेला. माझ्या बरोबरीला येऊन त्यांनी वेग कमी केला. वरच्या गावात बेकरी असताना पावासाठी रोज खालच्या गावात उतरणारा हा माणूस, म्हणजे वरच्या बेकरीवाल्याशी भांडण असणार, एवढं मला धापांमध्येही कळलं. प्रत्येक गावात असा एक असतो.

‘कुठला?’
‘इंडिया.’
‘इंडिया!’ मग पूर्ण वाक्य, त्यातलं मला एकच कळलं : ‘हत्ती.’

मी मान हलवली. होकार द्यायचा की नकार, हे प्रश्न कळल्याशिवाय ठरत नाही. आपली मान दोन्हीकडे हलते ते बरं. त्यांनी माझी सायकल न्याहाळली. बॅटरी शोधली. दांडीखाली वाकून पाहिलं, मागच्या चाकाकडे पाहिलं. नाहीच म्हटल्यावर चेहऱ्यावर जे आलं, ते मी मयताला गेल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

‘किती वय?’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सिंक्वेंता इ उनो. एक्कावन्न.

‘चावाल!’ ते ओरडले. चावाल म्हणजे पोरगा. केस पिकल्यापासून मला पोरगा म्हणणारं हे दुसरं माणूस. पहिला माझा मामा, तो कर्ज मागताना म्हणतो.

आणि मग तो तळहात आला. गार, कोरडा, रुंद. माझ्या ओल्याचिंब टीशर्टवर चपकन बसला. मला वाटलं, शाबासकी आहे. शाबासकी दोन सेकंदांत संपते. ही संपेना. त्यांच्या अंगठ्याने हँडलवरचं बटण टुक केलं, मोटर घूं करून चढली, आणि मी पुढे सरकायला लागलो.

आपल्याकडे पेट्रोल संपलेल्या लुनाला मागून दुसरा दुचाकीवाला पाय लावतो, तस्सं. मी लुना होतो. ‘नो, नो, ग्रासियास,’ म्हणालो. ते म्हणाले, ‘वेंगा, इंदुराइन!’ मिगेल इंदुराइन हा शेजारच्या नावाराचा. 1991 ते 1995 अशी सलग पाच वर्षं टूर द फ्रान्स जिंकलेला. इथे चढावर मरणाऱ्या प्रत्येकाला बहुधा हेच नाव देतात, जसं पहिल्या चेंडूवर दांडी उडालेल्याला आपण तेंडुलकर म्हणतो. मी ब्रेक दाबावा, तर दोघेही पडणार आणि मथळा माझ्या नावाने येणार : परदेशी पाहुण्याने आजोबांना पाडलं. म्हणून गप्प बसलो. पॅडल मात्र जोरात मारत राहिलो, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला वाटावं की आजोबा माझा आधार घेताहेत. तो पाव प्रत्येक झोक्याला माझ्या कोपरावर टोचत होता. ताज्या पावाचा वास येत होता आणि मला भूक लागली होती, हा अपमान वेगळा.

दीड मीटरचा कायदा तळहाताला लागू नसावा.

वर वेशीपाशी बायको फोन रोखून उभी. सदतीस सेकंदांचा व्हिडिओ.

आत गावात मोटारींना जवळपास बंदीच आहे, कारण गावाखाली शेकडो तळघरं खोदलेली आहेत, वाइन साठवायची. वर वजन नको. आजोबांच्या बाकड्यावर आणखी तिघं टोपीवाले बसले होते. आजोबांनी मला हाताला धरून सादर केलं आणि हकिकत सांगितली. पहिल्यांदा सांगताना मी हळू चाललो होतो. चौथा टोपीवाला आला तेव्हा मी थांबलेला होतो. कॉफीवाली बाहेर आली तोवर मी रस्त्यावर आडवा होतो आणि त्यात ‘मुएर्तो’ हा शब्द आला. मुएर्तो म्हणजे मेलेला. माझं स्पॅनिश कच्चं आहे, पण एवढं येतं.

मग भूक. चार वाजून गेले होते. रिओहात चार वाजून गेले की देव आणि स्वयंपाकघर दोन्ही झोपतात. रात्रीचं जेवण नवाच्या आत मागितलं तर आजारी आहात का विचारतात. मिळालं ते ‘साँडविच व्हेजिटल’. उघडून पाहिलं तर आत टूना मासा. विचारलं, तर कॉफीवालीने शांतपणे पानं उचलून दाखवली : हे काय लेट्यूस. इथून पश्चिमेला सांतो दोमिंगो गावच्या चर्चमध्ये जिवंत कोंबडा-कोंबडी पाळलेली आहेत. भाजलेली कोंबडी ताटातून उठून ओरडली आणि निरपराध पोराचा जीव वाचला, अशी आख्यायिका. माझ्या पानातला टूना निमूट पडून राहिला. वर एक घोट वाइन घ्यावी, तर मद्याची मर्यादा इथे सायकलवाल्यालाही लागू आहे. वाइनच्या मुलखात सायकलची सहल विकणाऱ्याला दंडवत.

आजोबांनी पावाचं टोक मोडून माझ्या हातावर ठेवलं. चौघं नातू, चौघंही बिल्बाओ शहरात, असं बोटांनी दाखवलं. वाटेतल्या गावांत मी हेच पाहत आलो होतो : दगडी घरं, दारावर राजचिन्हं कोरलेली, झडपा बंद. सिएस्टा, म्हणजे दुपारची झोप असेल म्हणून मी सोडून देत होतो. पण संध्याकाळी सहालाही त्या बंदच असायच्या. गणपती संपल्यावर कोकणात दिसतात तशी कुलपं. शांत रस्ते शांत का आहेत, तेही माहितीपत्रकात नव्हतं. ढकलायला घरचं पोर उरलं नाही की माणूस प्रवाशाला ढकलतो. हे कळूनही माझा राग गेला नाही, हे कबूल करतो. टोक मात्र खाल्लं. वरच्या बेकरीशी का भांडले असावेत ते कळलं.

व्हिडिओ तोवर कुटुंबाच्या ग्रुपवर गेला होता. एकवीस हसरे चेहरे, मेव्हण्याचा ‘इंजिन बदलून घ्या’. मामाचा फोन आला. त्याची पिंपळगावला चार एकर बाग. ‘पोरा, व्हिडिओ पाहिला,’ म्हणाला. मी सावरून बसलो. ‘त्या मागच्या वेली एवढ्या बुटक्या कशा? मांडव नाही, तारा नाही?’ मी सांगितलं, जुन्या बागा अशाच, गुडघ्याएवढ्या झुडपांच्या. ‘छाटणी दोनदा?’ एकदाच, मामा. ‘मज्जाय त्यांची. आणि डावणी रोग?’ मग मी एकोणिसाव्या शतकातली गोष्ट सांगितली : फ्रान्सच्या बागा फिलॉक्सेरा किडीने खाल्ल्या, तिकडचे व्यापारी वाइन शोधत इथे आले, आरो गावात रेल्वे स्टेशनभोवती दारूचे वाडे उभे राहिले. ‘म्हणजे कीड तिकडे, भाव इकडे,’ मामा म्हणाला. ‘कांद्याचं तेच असतं.’ ढकलण्याबद्दल एक शब्द नाही. मीच विचारलं, मला ढकललं ते पाहिलंस ना? ‘हो, पाहिलं की,’ तो म्हणाला. ‘तुला सायकल शिकवताना मी असाच हात लावायचो.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तोच रस्ता उतरत होतो. समोरून घूं आवाज आला. टोपी, सपाता, ताजा पाव. आजोबांनी लांबूनच हँडलवरचा हात उचलला, तळवा माझ्याकडे करून. नमस्काराचा असणार. मी उताराला होतो, तरी दोन पॅडल जास्त मारली.