"तुमचा विश्वास कमी पडला" असं कोणाच्या दारात जाऊन म्हणू नका

आज दुपारी एका घरी भेटायला गेलो होतो. आमच्याच मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एक ताई. नवरा गेल्या आठवड्यात गेला, कॅन्सरने. पन्नाशीही गाठली नव्हती. सतरंजीवर बायका दाटीवाटीने बसलेल्या, मुलगा चहाचे कप गोळा करत होता. गीत झालं, वचन झालं, प्रार्थना झाली. उठायची वेळ आली तेव्हा बाहेरगावाहून आलेले एक गृहस्थ ताईंना म्हणाले, "ताई, कुठंतरी विश्वास कमी पडला असेल. नाहीतर प्रभूने बरं केलंच असतं. स्वतःला तपासून बघा."

आणि मागून कोणीतरी "आमेन" म्हणालं.

ताईंनी वर बघितलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे?"

मी तिथंच बोललो, मोठ्याने बोललो. घरी येऊन जेवलो, तरी डोकं शांत होईना, म्हणून हे लिहितोय. माझ्या यादीतले बहुतेक जण मंडळीतले आहात, तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. पण हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. दवाखान्यात, सांत्वनाच्या उपासनेत, कबरस्थानातून परतताना गेटपाशीसुद्धा.

जन्मापासून आंधळ्या माणसाकडे बघून प्रभू येशूच्या शिष्यांनी नेमकं हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? प्रभूने सांगितलं, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय. संडे स्कूलच्या पोराला येतो. मग आपण मोठी माणसं दुसऱ्याच्या दारात जाऊन पुन्हा तोच प्रश्न का विचारतो?

माझे बाबा हेडमास्तर होते. त्यांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही जवळजवळ गेलं. पुढची काही वर्षं ते अंथरुणावरच होते. नगरला आमच्या घरात पुढच्या खोलीत खाट होती, रस्त्याकडच्या खिडकीजवळ. आई दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, टाचेखाली उशी सरकवायची. शेजारचे म्हणायचे, इतके दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर एक जखम नाही.

त्या काळात आमच्याकडेही असेच लोक आले होते. तेल घेऊन आले, हात ठेवले, तासभर मोठमोठ्याने प्रार्थना केली. जाताना आईला बाजूला घेऊन म्हणाले, बीपीच्या गोळ्या बंद करा, देवाला विश्वास दाखवा. आईने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "प्रार्थना करा भाऊ, रोज करा. गोळ्या बंद होणार नाहीत." ते परत आले नाहीत. बाबा उठून चालले असते तर कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे मोठ्या मेळाव्यात, देवाने बरं केल्याची साक्ष सांगितली गेली असती. बाबा चालले नाहीत, तेव्हा दोष आईच्या माथी आला.

आता कमेंटमध्ये कोणीतरी बायबलमधलं याकोबाचं पत्र आणेल, म्हणून आधीच सांगतो. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा असं लिहिलंय, मान्य. प्रार्थनेनंतर बरी झालेली माणसं मीही पाहिली आहेत, तेही मान्य. पण याच शास्त्रात प्रेषित पौलाने आपल्या सोबत्याला, त्रोफिमाला, मिलेत गावी आजारीच ठेवून पुढचा प्रवास केलाय, आणि पौलाच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनंती करूनही निघाला नाही. त्याला "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी पडला म्हणायची कोणाची तयारी आहे?

गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा तेच शब्द. प्याला टळला नाही. देवाच्या पुत्राला जे मागूनही मिळालं नाही, ते या ताईंना मिळालं नाही म्हणून त्यांचा हिशोब काढणारे आपण कोण? देव म्हणजे किराणा दुकानाची खातेवही नाही, की इकडे विश्वास जमा केला आणि तिकडून आरोग्य उचललं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण द्यायला आपल्याला फार आवडतं. केडगाव आपल्यापासून लांब नाही, तिथलं त्यांचं मुक्ती मिशन आपण सगळ्यांनी बघितलंय. पण उदाहरण पूर्ण द्या ना. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. पुढे भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि पदरात तान्ही मनोरमा. बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला. बाप्तिस्मा झाला आणि दुःख थांबलं असं झालं का? जिच्या हातात मुक्तीचं काम सोपवायचं, ती मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. पुढच्या वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. शेवटपर्यंत मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं काम करत होत्या, आणि तेही कानाला नीट ऐकू येत नसताना. १८९६-९७ च्या दुष्काळात ज्या बाईने मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली वाचवून आणल्या, तिला स्वतःची मुलगी वाचवता आली नाही. केडगावच्या त्या कबरीपाशी उभं राहून म्हणा बरं, "बाई, विश्वास कमी पडला." जीभ उचलेल का? मग इथं कशी उचलली? ताई नामांकित नाहीत म्हणून?

राग येतोय, येऊ द्या.

आमच्या घरी रात्री जेवणानंतर प्रार्थना असायची. बाबांच्या खाटेभोवती आम्ही बसायचो आणि शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायचो. आई "तुझे राज्य येवो" पर्यंत यायची आणि गप्प व्हायची. पुढची ओळ तिच्या तोंडून निघायची नाही. "आमची रोजची भाकर" आलं की पुन्हा सुरू करायची. कितीतरी दिवस हे असंच चाललं होतं. आणि ज्यांना दिवसभरात धड पाणी मागता यायचं नाही, ते बाबा ती ओळ म्हणायचे. जड जिभेने, अर्धे शब्द गिळत, पण म्हणायचे: "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." डॉक्टर सांगायचे की अशा आजारात पाठ असलेलं कधीकधी जिभेवर राहतं. असेल. आई मात्र त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची.

त्या काळात आईने देवाला सोडलं होतं असं कोणी म्हणालं, तर मी ऐकून घेणार नाही. जी ओळ मनापासून म्हणता येत नव्हती ती तिने खोटी म्हटली नाही, आणि बाकीची प्रार्थना एका रात्रीही चुकवली नाही. मला तरी शरण जाणं हेच वाटतं. देवासमोर बसून राहायचं, तोंड फिरवून उठून जायचं नाही. देवाला तिचं मौन चाललं. माणसांना चाललं नाही. महिला मंडळात कुजबुज झाली, "बाई त्या ओळीला थांबतात."

बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांचं एवढंच कौतुक करावंसं वाटतं, की पहिले सात दिवस आणि सात रात्री ते जमिनीवर त्याच्याजवळ काही न बोलता बसले. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप कोणावर होतो ते वाचा. तक्रार करणाऱ्या ईयोबावर होत नाही. देवाची बाजू घेऊन त्याला पाप कबूल करायला सांगणाऱ्या मित्रांवर होतो. आणि त्यांच्यासाठी प्रार्थना कोणी करायची? ईयोबानेच! आपण मात्र त्याचं "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले" एवढं एकच वाक्य कार्डावर छापतो आणि पुढचे पस्तीस-चाळीस अध्याय सोडून देतो.

नम्रतेचंही आपण असंच करून ठेवलंय. ज्याच्यावर संकट आलंय त्यानेच नम्र व्हायचं, आणि आपण उपदेश करायचा. बाबा शाळेच्या मैदानात नुसते उभे राहिले तरी पोरं रांगेत यायची. तोच माणूस मी पहिल्यांदा अंघोळ घातली तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढे पुढे मी दाढी करायला बसलो की ते स्वतःच डाव्या हाताने मग धरायचे, हनुवटी वर करायचे आणि झालं की माझा गाल थोपटायचे. हे त्यांना कोणी शिकवलं नाही. आणि बाहेरून कोणी येऊन "सर, आता नम्र व्हा" म्हटलं असतं, तर मी त्याला दार दाखवलं असतं.

आमच्या चर्चचे त्या वेळचे धर्मगुरू, पाळकसाहेब, मात्र वेगळे होते. दर आठवड्याला यायचे, एक स्तोत्र वाचायचे, फार तर पाच मिनिटं. मग खिशातून नेलकटर काढून बाबांच्या पायाची नखं कापायचे. अंगठ्याचं नख जाड झालेलं, म्हणून आधी कोमट पाण्याचं भांडं मागायचे. प्रभुभोजन देणारे हात ते. आई स्वयंपाकघरातून बघायची. त्यांनी आम्हाला "देवाची योजना असेल" असं एकदाही ऐकवलं नाही.

दुःखातून धीर येतो, अनुभव येतो, हे रोमकरांसच्या पत्रात आहे, मला माहीत आहे. पण ते ज्याचं त्याने, ज्याच्या त्याच्या वेळी म्हणायचं असतं. वधस्तंभ उचलायचा तो स्वतःचा. दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून "चल, उचल" म्हणायचा अधिकार आपल्याला कोणी दिला नाही. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला "सहन कर, प्रभूनेही सहन केलं" म्हणून परत पाठवणारेही आपल्यातलेच आहेत. प्रभूला महायाजकापुढे चपराक बसली तेव्हा तो गप्प बसला नव्हता. त्याने विचारलं, मला का मारतोस? तेही सांगा त्या मुलीला.

आई आता थकली आहे. बाबा जाऊन बराच काळ झाला. प्रभूची प्रार्थना ती आता सलग म्हणते, त्या ओळीसकट. केव्हापासून म्हणायला लागली मला ठाऊक नाही, मी कधी विचारलं नाही. आज संध्याकाळी तिला दुपारचा प्रकार सांगितला. ती म्हणाली, "त्या बाईला जेवायला कोण घालतंय ते बघ आधी. तू भांडलास ते बरं केलंस, पण डबा कोणाचा गेला?" उद्यापासून सकाळचा डबा आमच्याकडून जाणार आहे. संध्याकाळचा कोणाला जमत असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा.

आणि येत्या रविवारी पहिला शास्त्रपाठ माझ्याकडे आहे. ८८ वं स्तोत्र वाचणार आहे. ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे की ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड येत नाही, तरी ते शास्त्रात आहे आणि तीही प्रार्थनाच आहे. पुढे दुसरं एखादं आनंदाचं स्तोत्र जोडा असं मला आत्ताच एकाने फोनवर सुचवलं. जोडणार नाही. पाळकसाहेबांना विचारलंय, ते हो म्हणालेत.