अलेक्सात एक्सपोजर एकच असते
अ‍ॅरी कंपनीचा अलेक्सा हा सिनेमाचा डिजिटल कॅमेरा दर फ्रेमला दोन एक्सपोजर घेऊन (म्हणजे सेन्सरवर दोनदा उजेड टिपून) ती जोडतो, असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. २०१० साली आलेल्या या कॅमेऱ्यात एक्सपोजर एकदाच होते आणि सेन्सरवरील प्रत्येक बिंदूचा तोच सिग्नल एकाच वेळी दोन वाटांनी वाचला जातो: जास्त गेनमधून (म्हणजे सिग्नल जास्त वाढवून) सावलीतला तपशील मिळतो, कमी गेनमधून प्रखर उजेडातला. खरोखर दोन एक्सपोजर घेते ती रेड या दुसऱ्या कॅमेरा कंपनीची एचडीआरएक्स पद्धत (गोंधळ बहुधा इथेच होत असावा). तिच्यात दुसऱ्या एक्सपोजरची शटरवेळ कमी असल्याने धावणाऱ्याचा हलता हात एकात पुसट, तर दुसऱ्यात रेखीव येतो, आणि जोडणीत कडा दुहेरी दिसू शकतात. अलेक्सात हा प्रश्न उद्भवत नाही.