ससा, शिकारी, शेत

आज सकाळी आमच्या सिनेमाच्या ग्रुपवर एकाने 'जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग'मधली क्लिप टाकली. आरोपींच्या वकिलाचं ते गाजलेलं भाषण. खाली टाळ्या, आगीची चित्रं, "याला म्हणतात युक्तिवाद!", "सगळ्यांची बोलती बंद". दुपारपर्यंत प्रतिक्रियांची रांग लागली आणि त्यात एकानेही त्या सिनेमातल्या एकाही साक्षीदाराचं नाव काढलं नाही. पोळ्या लाटता लाटता मी दोनदा फोन उचलला आणि खाली ठेवला. आता घर झोपलंय, म्हणून लिहिते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जर्मनीत न्यूरेंबर्गला १९४७ साली अमेरिकेच्या लष्करी न्यायालयात नाझी राजवटीतल्या न्यायाधीशांवर आणि न्याय खात्यातल्या अधिकाऱ्यांवर खरोखर खटला चालला. त्यावर बेतलेला हा १९६१चा सिनेमा. वकील म्हणतो, माझा अशील दोषी असेल तर अख्खं जग दोषी आहे. व्हॅटिकनने हिटलरशी करार केला, रशियाने केला, चर्चिलने त्याचं कौतुक केलं, अमेरिकेतल्या कारखानदारांनी पैसा कमावला. भाषण जबरदस्त आहे, मान्य. मॅक्सिमिलियन शेलला या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, तेही मान्य.

पण याच वकिलाने त्याआधी काय केलंय, ते आठवतंय का कुणाला?

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एक मजूर येतो. भूमिका माँटगोमेरी क्लिफ्टची. नाझी कायद्याने त्याला मतिमंद ठरवून त्याची सक्तीने नसबंदी केलेली. वकील त्याला म्हणतो, ससा, शिकारी, शेत, या तीन शब्दांचं एक वाक्य करा. मतिमंद कोण हे ठरवायला नाझींची आरोग्य न्यायालयं जी परीक्षा घेत, तीच परीक्षा आता पुन्हा, न्याय मागायला आलेल्या माणसाची, भर कोर्टात. तो ते तीन शब्द नुसते घोळवत राहतो. वाक्य होत नाही. मग खिशातून आईचा फोटो काढतो आणि विचारतो, ही मतिमंद होती का, सांगा.

मला तो प्रसंग धड बघवत नाही. मला तिथे आक्का दिसते.

आक्का म्हणजे माझी थोरली मावशी. मी नववीत असताना तिला कोर्टाचं समन्स आलं होतं. शेजारची सून स्टोव्हच्या भडक्याने भाजली, असं सासरचे सांगत होते. आक्का पहिली धावली होती. त्या पोरीचं डोकं आक्काच्या मांडीवर होतं आणि ती काय बोलली, ते फक्त आक्काने ऐकलं होतं. सोबतीला कुणी नाही म्हणून मला शाळा बुडवून नेलं. पुकारा झाला, आक्का पिंजऱ्यात उभी राहिली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. सरकारी वकिलांचे प्रश्न पाच मिनिटांत संपले. मग उलटतपास.

"त्या दिवशी वार कोणता होता, बाई?"

आक्का म्हणाली, गुरुवार. होता बुधवार.

"वेळ काय झाली होती?" आक्का म्हणाली, ऊन ओट्यावर आलं होतं. "ऊन नको, वेळ सांगा. घड्याळ कळतं का तुम्हाला?" आणि मागच्या बाकांवरचे लोक हसले. आरोपीही हसला. मी ते हसू पाहिलंय.

म्हणून मला टाळ्या वाजवता येत नाहीत. कुणाला अतिरेक वाटेल, वाटू दे.

हो, आरोपीला वकील मिळालाच पाहिजे. त्याने कसून उलटतपास घेतलाच पाहिजे, नाहीतर तो खटला कसला, नुसता सूडच. हे मला कळतं, कृपा करून खाली समजावायला येऊ नका. माझं भांडण तुमच्याशी आहे. साक्षीदार रडत असताना तुमचं लक्ष वकिलाच्या शब्दफेकीवर कसं राहतं?

याच सिनेमात एका स्त्रीची साक्ष आहे, भूमिका जूडी गार्लंडची. त्या साक्षीमागे न्यूरेंबर्गचाच खरा खटला आहे. लिओ कात्झेनबर्गर नावाचे वयस्कर ज्यू व्यापारी, त्यांचा एका तरुण जर्मन स्त्रीशी संबंध असल्याचा आरोप. दोघांनीही नाकारला. १९४२ साली त्यांचा शिरच्छेद झाला, आणि तिला खोटी शपथ घेतली म्हणून दोन वर्षांची शिक्षा. तिने खरंच सांगितलं होतं. सिनेमात वकील तिच्यावर तेच जुने प्रश्न पुन्हा ओरडून फेकतो, इतके, की शेवटी त्याचाच अशील उठून उभा राहतो आणि त्याला थांबवतो. क्लिफ्ट आणि गार्लंड, दोघांनाही ऑस्करचं नामांकन होतं. मिळालं वकिलाला.

आता जरा शांत झालेय. पाणी पिऊन आले.

पीटर वाइसचं 'दि एर्मिटलुंग' म्हणून जर्मन नाटक आहे, म्हणजे 'चौकशी'. फ्रँकफर्टला डिसेंबर १९६३ ते ऑगस्ट १९६५ आउश्वित्झ ही नाझींची छावणी चालवणाऱ्या माणसांवर खटला चालला. छावणीतून वाचलेले दोनशेहून जास्त लोक साक्षीला आले होते. कायदा साधा खुनाचा, त्यामुळे कोणत्या आरोपीने नेमकं कुणाला, कुठे, कधी मारलं, हे दाखवायचं. वीस वर्षांनी! जिथे कैद्याकडे घड्याळ नव्हतं, कॅलेंडर नव्हतं, तिथल्या तारखा त्यांना विचारल्या जात होत्या. वाइस स्वतः त्या खटल्याला जाऊन बसला आणि साक्षींमधूनच त्याने नाटक रचलं. त्यात आरोपींना त्यांची खरी नावं आहेत. साक्षीदारांना नावं नाहीत, फक्त क्रमांक, छावणीत नाव गेलं तसंच. आणि मधेमधे रंगसूचना येते: आरोपी हसतात. पुन्हा काही पानांनी, आरोपी हसतात.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाल्कनीत जाऊन उभी राहिले होते.

आक्काचा वार चुकला, हे खरंच आहे. मी काही ते नाकारत नाही. पण चुकीचं काय करायचं, याचं लंडनचं उदाहरण बघा. लिऑन युरिसने 'एक्झोडस' या कादंबरीत एका डॉक्टरबद्दल लिहिलं की त्याने आउश्वित्झमध्ये भूल न देता सतरा हजार शस्त्रक्रिया केल्या. तो डॉक्टर, डेरिंग, लंडनलाच होता. त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९६४ साली खटला उभा राहिला. सतरा हजार हा आकडा चूक होता. भूल दिलीच नाही, हेही चूक, मणक्यात सुई टोचून भूल देत होते. पण ग्रीसमधल्या थेसालोनिकीहून छावणीत नेलेल्या ज्यू बायका साक्षीला आल्या. कोवळ्या वयात त्यांचे अंडाशय काढले होते. आउश्वित्झची शस्त्रक्रियांची नोंदवही आली. आदेलाईद ओत्वाल नावाची फ्रेंच डॉक्टर आली, जिने स्वतः कैदी असताना असल्या प्रयोगांत हात घालायला नकार दिला होता. ज्युरीने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला, बदनामी झाली म्हणाले, आणि भरपाई ठरवली अर्धा पेनी. त्या देशातलं तेव्हाचं सगळ्यात लहान नाणं. म्हणजे लेखकाची चूक झाली, पण त्या बायकांच्या साक्षीपुढे तिची किंमत एवढीच.

आक्काला अर्ध्या पेनीचाही न्याय मिळाला नाही. नवरा आणि सासू संशयाचा फायदा मिळून सुटले. एसटीत ती खिडकीशी बसली होती. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "वार विचारला, वेळ विचारली, स्टोव्ह किती लांब होता ते विचारलं. ती पोर बोलताना माझा हात कसा धरून होती, ते नाही गं कुणी विचारलं." त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. मीही काढला नाही, आणि ते मला अजून सलतं.

ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत साक्षीची नक्कल सापडली. का आणून ठेवली होती, कुणास ठाऊक. टाइप केलेली दीड पानं. अशा बऱ्याच नकलांच्या शेवटी असतं तसंच शेवटचं वाक्य आहे: "हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे." खाली आक्काची वाकडीतिकडी सही.

मी ती पानं आज पुन्हा काढून वाचली. बुधवार आहे, गुरुवार आहे, ऊन ओट्यावर आल्याचंही आहे. लोक हसले, ते कुठेच नाही.