पार्किंग फुकट ठेवलं की बाजार चालतो म्हणे! त्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुम्हालाही आलाच असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की मुख्य बाजारपेठेत रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावले की गिऱ्हाईक मॉलकडे पळतं, रस्ता आपल्याच टॅक्समधून झालाय त्यामुळे परत पैसे घेणं ही लूट आहे, यात गरीब माणूस भरडला जातो, आणि खरा इलाज एकच, पार्किंग वाढवा. माझ्या मते यातलं बरंचसं चुकीचं आहे आणि त्यात नुकसान बाजाराचंच आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

गिऱ्हाईक पळतं हा पहिला मुद्दा. आधी हे बघा की फुकटच्या जागेत उभं कोण असतं. सकाळी शटर वर जायच्या आधीच दुकानासमोर गाड्या लागलेल्या असतात, त्या गिऱ्हाइकाच्या कशा असतील? त्या दुकानदारांच्या, तिथल्या कामगारांच्या, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसवाल्यांच्या, आणि त्या थेट संध्याकाळीच हलतात. दुकान दहा तास उघडं आणि गिऱ्हाईक तासभर थांबतं असं धरा, म्हणजे त्या एका जागेत दिवसात दहा गिऱ्हाइकं येऊन गेली असती, तिथे एकच गाडी धूळ खात उभी राहिली. जगातलं पहिलं पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ ला अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत बसलं ते नेमकं याच दुखण्यावर, बाजारात कामाला येणारे दिवसभर जागा अडवायचे आणि खरेदीवाल्यांना गाडी लावायला जागा मिळायची नाही. मीटरची कल्पना मांडणारे कार्ल मॅगी हे वर्तमानपत्राचे संपादक, आणि ते व्यापाऱ्यांच्याच संघटनेच्या वाहतूक समितीत होते! शिवाय सगळं गिऱ्हाईक गाडीनेच येतं हाही आपला समज. ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या एका बाजाररस्त्यावर दुकानदारांना विचारलं तर ते म्हणाले ४१ टक्के लोक गाडीने येतात, प्रत्यक्षात निघाले २२ टक्के.

टॅक्सचा मुद्दा अर्धाच खरा आहे. रस्ता सगळ्यांचा, मान्य, पण सगळ्यांचा म्हणजे ज्याच्याकडे गाडीच नाही त्याचाही ना? रस्त्यावरून जायचा हक्क वेगळा आणि बाजाराच्या ऐन मध्यात दहा-बारा चौरस मीटर जागा दिवसभर स्वतःसाठी अडवून ठेवायची हे वेगळं. पण हे पैसे जातात कुठे हा प्रश्न विचारायलाच पाहिजे, तिथे मी मेसेज लिहिणाऱ्याच्या बाजूने आहे. कॅलिफोर्नियातल्या ओल्ड पॅसाडेनामध्ये दुकानदारांचा मीटरला विरोधच होता, मग शहराने कबूल केलं की मीटरचे पैसे याच भागात खर्च करू, आणि १९९३ मध्ये मीटर बसले. त्या पैशातून फुटपाथ, दिवे, झाडं, साफसफाई झाली, आणि ओस पडत चाललेला तो भाग पुन्हा गजबजला. पैसे दुसरीकडेच गडप होत असतील तर भांडा, मी पण भांडतो, पण ते भांडण हिशोबाचं आहे.

लूट म्हणाल तर सॅन फ्रान्सिस्कोचं बघा. तिथे २०११ ते २०१३ मध्ये गर्दीप्रमाणे दर बदलायचा प्रयोग झाला, जिथे जागा रिकाम्या तिथे दर खाली, जिथे भरलेल्या तिथे वर, हेतू एवढाच की प्रत्येक गल्लीत एखाद-दुसरी जागा मोकळी सापडावी. शेवटी मीटरचा सरासरी दर चक्क कमी झाला आणि जागा शोधण्यात जाणारा वेळ ४३ टक्क्यांनी घटला.

गरिबांचं म्हणाल तर ज्याच्याकडे खरंच पैसे कमी आहेत तो बहुतेक बसमध्ये असतो किंवा पायी, आणि ती बस अडकते कुठे तर डबल पार्किंगच्या मागे. एक गाडी जागा शोधत हळूहळू सरकतेय, पुढे कुणीतरी हातात किल्ली घेऊन चालताना दिसलं म्हणून ती तिथेच थांबते, तो माणूस आत बसतो, पट्टा लावतो, मोबाईल बघत बसतो, आणि मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ, त्यात बस आणि कधी अँब्युलन्स पण. अपंग व्यक्तींसाठी आणि माल उतरवायला राखीव जागा हव्यातच, पण फुकटच्या गर्दीत पहिल्यांदा त्याच बळकावल्या जातात.

राहिलं पार्किंग वाढवा. रस्त्याची कड रबरासारखी ताणता येत नाही, म्हणून मग बहुमजली इमारत बांधायची. बांधा, पण समोरचा रस्ता फुकट आणि इमारतीत पैसे असं असेल तर लोक खाली घिरट्या घालत बसतात आणि वरचे मजले रिकामे राहतात. याच्या उलट करा, रस्ता महाग आणि इमारत स्वस्त, म्हणजे दिवसभर थांबणारा आपणहून आत जाईल आणि ज्याचं अर्ध्या तासाचंच काम आहे त्याला दुकानासमोर जागा मिळेल.